प्रश्न पैशांचा नाही!

मोबाईल मागवला की साबण येतो, हे आपल्या देशात निदान दोनदा सिद्ध झालेलं आहे. २०१४च्या दिवाळीत मुंबईतल्या एका गृहस्थांनी स्नॅपडीलवरून सॅमसंगचा फोन मागवला आणि खोक्यातून भांडी घासायची विमची वडी निघाली. त्यांनी फोटो फेसबुकवर टाकला, लोकांनी तो पुढे पाठवला, पैसे परत मिळाले. गंमत झाली ती पुढे. विम बनवणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरने त्या गृहस्थांना स्वतःच्या खर्चाने सॅमसंगचा फोन पाठवून दिला. फोन विकणाऱ्याने साबण दिला आणि साबण विकणाऱ्याने फोन दिला. बाजारपेठ शेवटी सगळं जुळवून आणते म्हणतात, ते असं.

सात वर्षांनी, ऑक्टोबर २०२१मध्ये, केरळातल्या आलुवा इथल्या एका ग्राहकाने ॲमेझॉनवर सुमारे सत्तर हजारांचा आयफोन मागवला. पुन्हा विमच! या खेपेला सोबत पाच रुपयांचं नाणंही होतं. बहुधा सुट्टे परत केले असावेत. पोलिसांनी फोनचा क्रमांक काढून माग घेतला, तेव्हा तो फोन झारखंडमध्ये कुणाच्या तरी हातात सुरू होता, आणि तोही या ग्राहकाने ऑर्डर देण्याच्या आधीपासून. मागवण्याआधीच वापरला गेलेला फोन ही ‘जलद सेवा’ या शब्दांची कमाल मर्यादा म्हणायला हरकत नाही. सुदैवाने त्यालाही पैसे परत मिळाले.

हे सामान्य माणसांच्याच नशिबी येतं असंही नाही. डिसेंबर २०१८मध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा हिने अठरा हजारांचे हेडफोन मागवले. सुबक, सीलबंद खोक्यात गंजलेला लोखंडाचा तुकडा आला. आणि जून २०२४मध्ये बेंगळुरूच्या एका जोडप्याने व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मागवला, तेव्हा खोक्याबरोबर चक्क जिवंत नाग आला. पॅकिंगच्या चिकटपट्टीला तो चिकटून बसला होता म्हणून कुणाला चावला नाही. त्यांनाही पैसे परत मिळाले. ‘वस्तू मूळ पॅकिंगसह परत करा’ ही अट नागाला लागू होते का, हे मात्र कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नाही.

या सगळ्यांच्या तक्रारींची दखल घेतली गेली, कारण फोटो गाजले. ज्याच्या पार्सलात नाग निघत नाही, नुसता दोन नंबर लहान बूट निघतो किंवा मिक्सरच्या तीन भांड्यांपैकी दोनच निघतात, त्याची बातमी होत नाही. तो अर्धा दिवस तणतणतो, घरातल्यांना खोका दाखवतो, शेजाऱ्यांना दाखवतो आणि मग भारतीय ग्राहक चळवळीतलं सगळ्यात जुनं वाक्य बोलतो : ‘जाऊ दे. पाचशे रुपयांसाठी कोण डोकं लावत बसणार?’

ऑनलाइन कंपन्यांची गोदामं अवाढव्य आहेत, सर्व्हर अवाढव्य आहेत. पण त्यांची खरी मालमत्ता म्हणजे ग्राहकाचं हे ‘जाऊ दे’. त्याला भाडं लागत नाही, वीज लागत नाही आणि ते कधी आउट ऑफ स्टॉक होत नाही.

मराठी माणसाकडे या ‘जाऊ दे’वर एक उतारा मात्र पूर्वापार आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो ‘जाऊ दे’ म्हणतो. शंभराव्या वेळी, का कोण जाणे, तो चष्मा पुसतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, ‘प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे.’ हे वाक्य उच्चारलं गेलं की घरातली मंडळी हळूच स्वयंपाकघरात निघून जातात, कारण आता हे प्रकरण लवकर मिटत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. आजवर या वाक्यामुळे सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा तेवढ्या लांबल्या. पण ग्राहक आयोग ही देशातली अशी एक जागा आहे, जिथे तत्त्वाला रुपयांत भाव मिळतो. निकालपत्रात त्याला ‘मानसिक त्रासापोटी’ म्हणतात.

पुण्याचंच उदाहरण आहे. एका वकिलांनी झोमॅटोवरून पनीर बटर मसाला मागवला. आलं बटर चिकन. तक्रार केल्यावर बदलून मागवला, तर दुसऱ्यांदाही बटर चिकनच आलं. दोन्हींच्या रश्श्याचा रंग सारखा, त्यामुळे चूक डोळ्यांना नव्हे तर जिभेला कळणार, आणि शाकाहारी माणसाच्या बाबतीत तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. झोमॅटोचं म्हणणं असं की पैसे परत दिले आहेत आणि चूक तर हॉटेलची आहे. २०१९मध्ये पुण्याच्या जिल्हा ग्राहक मंचाने, म्हणजे आजच्या जिल्हा आयोगाने, हे ऐकून घेतलं आणि हॉटेल व झोमॅटो या दोघांनी मिळून ५५ हजार रुपये द्यावेत असा आदेश दिला : ५० हजार सेवेतल्या त्रुटीबद्दल, ५ हजार मानसिक त्रासाबद्दल. एका पनीरच्या भाजीला पंचावन्न हजार हा भाव पुण्यातल्या महागड्या हॉटेलातही अजून कुणी लावलेला नाही.

यातलं ‘चूक तर हॉटेलची’ हे वाक्य नीट पाहण्यासारखं आहे, कारण ऑनलाइन दुनियेचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आपण ज्याला दुकान समजतो ते म्हणतं, मी दुकान नाहीच. मी नुसता मध्यस्थ. याला सरकारी धोरणाचाही हातभार आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराला स्वतःचा माल ग्राहकाला थेट विकता येत नाही, इतर विक्रेत्यांना फक्त जागा पुरवता येते. त्यामुळे जाहिरात त्यांची, खोका त्यांचा, खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा त्यांच्या नावाची. पण आतला साबण तेवढा कुण्या तिसऱ्याचा. पैसे घेताना एकच कंपनी समोर असते. पैसे परत मागायची वेळ आली की एकदम चौघे उभे राहतात : ॲप, विक्रेता, कुरिअर आणि बँक. चौघेही अत्यंत नम्र असतात आणि चौघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

या मध्यस्थीला किती पैसे मिळतात, हे प्रेशर कुकरमुळे एकदा उघड झालं. १ फेब्रुवारी २०२१पासून घरगुती कुकरवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. शिट्टीऐवजी झाकणच उडू नये एवढाच त्यामागचा हेतू. तरीही शिक्का नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात राहिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये ॲमेझॉनला विचारणा केली, तेव्हा तिथून असे २,२६५ कुकर विकले गेल्याचं आणि त्यावर ६ लाख १४ हजार ८२५ रुपये ४१ पैसे कमिशन मिळाल्याचं समोर आलं. दंड किती? एक लाख. फ्लिपकार्टचे कुकर ५९८, दंड तोच, एक लाख. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या असंही आदेशात होतं आणि पुढे वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पण सहा लाखांच्या कमिशनवर एक लाखाचा दंड म्हणजे शिक्षा नव्हे. फार तर पार्किंगचे पैसे.

तरीही ‘कायदा ग्राहकाच्या बाजूचा नाही’ असं जे म्हणतात, त्यांनी तो वाचलेला नसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२०पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर पूर-वादळासारख्या अटळ कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहत आपल्या पिढ्या वाढल्या. सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी आता ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. बिलावर मुदत छापलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. ‘नो रिटर्न’ हे शब्द ॲपवर कितीही ठळक असले, तरी फुटकी बरणी परत घ्यावीच लागते.

इथे ग्राहकांच्या बाजूचाही एक नमुना सांगायला हवा. मावसभावाच्या लग्नात दिवसभर मिरवलेला ब्लेझर दुसऱ्या दिवशी ‘साइज बरोबर नाही’ म्हणून परत पाठवणारे वीर आपल्यात आहेत. कॉलरला अत्तराचा वास, खिशात अक्षता. कायदा या मंडळींच्या पाठीशी नाही. मन बदललं म्हणून माल परत करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. तेवढी ॲपने दाखवलेली उदारता आहे आणि ती केव्हाही आटू शकते.

नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क ॲपवर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकालात काढायची असते. हा अधिकारी खरोखर अस्तित्वात असतो. फक्त त्याच्यापर्यंत जाण्यासाठी ॲपच्या तळाशी उतरावं लागतं, जिथे पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरात मजकूर असतो आणि जिथवर सहसा फक्त अंगठा घसरल्यावरच माणूस पोचतो. वरच्या मजल्यावर त्याऐवजी चॅटबॉट बसवलेला असतो. तो ‘हाय!’ म्हणतो. ग्राहक लिहितो, ‘मिक्सरचं एक भांडं आलेलं नाही.’ बॉट म्हणतो, ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली ऑर्डर यशस्वीरीत्या पोचलेली आहे. आणखी काही मदत करू?’ ग्राहक मोठ्या अक्षरांत लिहितो. बॉट पुन्हा दिलगीर होतो. इतका वेळ, इतक्या सातत्याने दिलगीर राहणं हे माणसाचं काम नव्हे, म्हणूनच यंत्र ठेवलं असावं.

बॉटने वैतागलेला ग्राहक मग गूगलवर कंपनीचा फोन नंबर शोधतो. खरा नंबर तासभर सापडत नाही; खोटा पहिल्या मिनिटाला सापडतो. पलीकडचा माणूस कमालीचा तत्पर असतो, नाव विचारतो, ‘सर, लगेच रिफंड करतो’ म्हणतो, आणि ही तत्परता हीच तो कंपनीचा नसल्याची खूण असते. तो एक ॲप डाउनलोड करायला सांगतो किंवा ओटीपी मागतो, आणि भांड्याच्या पाचशे रुपयांपायी खात्यातले पन्नास हजार जातात. असं झालं तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक त्याच मिनिटाला फिरवायचा आणि बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र चूक आपली धरली जाते.

पैसे परत येण्याच्याही तऱ्हा असतात. सगळ्यात आवडती तऱ्हा म्हणजे कूपन. ज्याने फसवलं त्याच्याकडेच पुन्हा खरेदी करायची मुभा, याला नुकसानभरपाई म्हणणं हा धाडसी विनोद आहे. ओला कंपनी रिफंड म्हणून फक्त पुढच्या प्रवासाचं कूपन देत असे. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बजावलं, की पैसे बँकेत हवेत की कूपन, हे ग्राहक ठरवेल.

याच प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला गंडवण्याच्या तेरा युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत आणि सरकारी राजपत्र इतकं वाचनीय क्वचितच असतं. ‘फक्त दोन नग शिल्लक’ ही खोटी घाई. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं ही दुसरी. पण सगळ्यात लोभस प्रकार म्हणजे नकार देणाऱ्याला लाजवणं. राजपत्रातलंच उदाहरण आहे : विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नको असेल तर ग्राहकाला जे बटण दाबावं लागतं, त्यावर ‘मी असुरक्षितच राहीन’ असं लिहिलेलं असतं. देणगी नको असेल तर ‘दानधर्म श्रीमंतांचं काम, मला काय त्याचं’ अशा अर्थाचं! पंगतीत जिलबीला ‘नको’ म्हणणाऱ्याला ‘बरोबर आहे, गरिबाघरची जिलबी तुम्हाला कशी चालेल’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना हे तंत्र शिकवायला कोणताही इंजिनिअर लागला नव्हता. आत्याबाई निदान जिलबी फुकट वाढायच्या.

आणि वर्गणीचा सापळा! आत जायला एक बटण, बाहेर पडायला सात पानं. अमेरिकेत ॲमेझॉनवर प्राइम सदस्यत्वावरून खटला झाला, त्यात उघड झालं की सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत ‘इलियड’ म्हणत. होमरचं ते ट्रॉयच्या लांबलचक युद्धाचं महाकाव्य. स्वतःच्याच ग्राहकांसाठी रचलेल्या चक्रव्यूहाला इतकं समर्पक नाव देणारा कर्मचारी वाङ्मयप्रेमी होता एवढं नक्की. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. आपल्याकडचा एक लाखाचा दंड इथे पुन्हा आठवतो आणि उगाचच गहिवरून येतं.

ऑनलाइन अभिप्रायांसाठीही २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० हे मानक काढलं. विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहिणं नियमाने आधीच निषिद्ध आहे. पण ‘कालच आलं, अजून उघडलं नाही, फारच छान’ असं लिहून पाच तारे देणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाला कोणत्या मानकाने अडवायचं?

गंमत म्हणजे, न पाहिलेला माल यादी देऊन मागवण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसं त्यात उतरली. शेजारपाजारची कुटुंबं संघ करायची, महिन्याची यादी भरायची, सामान एका घरी उतरायचं आणि सगळे मिळून वाटून घ्यायचे. ॲप नव्हतं, डिस्काउंट नव्हता. पण डाळीत खडे निघाले तर ते दहा घरांना एकाच वेळी दिसायचे आणि दहाही घरं ‘जाऊ दे’ म्हणण्याची शक्यता फार कमी. आजचा ग्राहक बंद दाराआड एकटाच खोका उघडतो. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढायला कायद्याने कुठे सांगितलेलं नाही, पण त्या एकट्या माणसाला साक्षीदार म्हणून मोबाईलच काय तो उरतो. महागाच्या वस्तूचा खोका उघडताना तो चालू ठेवलेला बरा.

आता तत्त्वाच्या प्रश्नाकडे. पूर्वी बेंगळुरूच्या कंपनीवर दावा लावायचा तर कंपनी कुठे आहे किंवा व्यवहार कुठे झाला याचा काथ्याकूट व्हायचा. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सांगलीच्या माणसाने सांगलीत तक्रार करायची आणि कंपनीने सांगलीला यायचं! मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत दोन वर्षांची.

मग अडतं कुठे? वेळेत. कायदा म्हणतो, वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. ओडिशातल्या एका विद्यार्थ्याने डिसेंबर २०१४मध्ये ॲमेझॉनवर तेवीस हजारांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला म्हणून मागवला. ऑर्डर पक्की झाल्याचा निरोप आला आणि दोनेक तासांत ती रद्दही झाली. विद्यार्थी कायद्याचा होता, हे कंपनीचं दुर्दैव. जिल्हा मंचाने त्याला थोडी भरपाई दिली, ती कमी वाटली म्हणून तो राज्य आयोगात गेला आणि २०२१मध्ये एकूण ४५ हजारांचा निकाल घेऊन आला. एवढ्या काळात कायद्याची पदवी सावकाश पुरी होते आणि लॅपटॉपचं ते मॉडेल भंगारात निघतं. हा विलंब हाच कंपन्यांचा खरा वकील आहे, आणि आयोगांतल्या रिकाम्या जागा वेळेवर भरणं हे सरकारचं काम आहे, ग्राहकाचं नव्हे.

म्हणून थेट आयोगात धावण्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फिरवून पाहावा. मराठीसह सतरा भाषांत तिथे तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीला विचारणा करते. पण कंपनीला विचारणारं कुणीतरी आहे एवढ्यानेही बॉटची दिलगिरी अचानक रिफंडमध्ये बदलू शकते. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ऑर्डर क्रमांक आणि ते सगळे दिलगीर संवाद जपून ठेवा. आणि मिक्सरचं तिसरं भांडं अजून आलेलं नसेल, तर खोका एवढ्यात रद्दीवाल्याला देऊ नका.